ग्रीक मुळांचे शास्त्रीय शब्द वाचावेत कसे: शरीररचना आणि वनस्पतिशास्त्र शिकू लागलेल्यांसाठी

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला पर्णरंध्र, जलवाहिनी, श्वासपटल हे शब्द पहिल्या वाचनातच निम्मे कळतात. पुढे त्याच गोष्टी स्टोमा, झायलेम, डायफ्रॅम या नावांनी समोर येतात, आणि अर्थ निसटून नुसता उच्चार हातात उरतो. मग पाठांतर सुरू होते आणि परीक्षा संपली की तेही जाते. वास्तविक स्टोमा म्हणजे तोंड, झायलॉन म्हणजे लाकूड आणि फ्राग्मा म्हणजे कुंपण किंवा आडभिंत. म्हणजे हे शब्दही पर्णरंध्राइतकेच बोलके आहेत, फक्त ते ज्या भाषेत बोलतात ती आपल्या कानावरून गेलेली नसते. मी स्वतः याच वाटेने आलो आणि आता पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. वैद्यकीय, आयुर्वेद, परिचर्या किंवा वनस्पतिशास्त्र यांपैकी कोणत्याही अभ्यासक्रमाला नुकताच प्रवेश घेतलेल्यांना उपयोगी पडेल असा क्रम पुढे दिला आहे. त्यासाठी ग्रीक भाषा शिकावी लागत नाही.

1. आधी साहित्य जमवावे

– एक जाड वही, प्रत्येक मुळासाठी स्वतंत्र पान सोडता येईल अशी.
– ग्रीक वर्णमालेचा तक्ता. चोवीस अक्षरे दोन दिवसांत ओळखता येतात आणि कोशात शब्द शोधताना त्यांचा उपयोग होतो.
– व्युत्पत्ती देणारा एक चांगला इंग्रजी कोश. मुळापर्यंत जायचे असल्यास लिडेल आणि स्कॉट यांचा 1843 साली प्रथम प्रसिद्ध झालेला ग्रीक–इंग्रजी कोश आता संगणकावर विनामूल्य पाहता येतो.
– महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, म्हणजे मराठी पर्याय ताडून पाहता येतात.
– शक्य असेल तेथे प्रत्यक्ष वस्तू: हाडांचा संच, भिंग, बाजारातला आंबा, भिजवलेले वाल. शब्द कशावरून पडला हे वस्तू हातात असल्याशिवाय नीट कळत नाही.

2. शब्द ग्रीक आहे की लॅटिन, हे ठरवावे

एकाच अवयवाला दोन्ही भाषांतून शब्द आले आहेत, त्यामुळे गोंधळाची सुरुवात येथेच होते. मूत्रपिंडाला ग्रीकमध्ये नेफ्रॉस आणि लॅटिनमध्ये रेन म्हणतात, म्हणून विभाग नेफ्रॉलॉजीचा असतो आणि धमनी मात्र रीनल असते. फुप्फुसाला ग्रीक न्यूमॉन आणि लॅटिन पल्मो, जिभेला ग्रीक ग्लॉसा आणि लॅटिन लिंग्वा, पानाला ग्रीक फिलॉन आणि लॅटिन फोलियम. ढोबळमानाने असे म्हणता येईल की अवयवांच्या अधिकृत नावांत लॅटिनचा भरणा अधिक आहे, तर रोग, शस्त्रक्रिया आणि ज्ञानशाखा यांच्या नावांत ग्रीकचा. मात्र याला अपवाद पुष्कळ आहेत.

ग्रीक शब्द ओळखण्याची खूण रोमन लिपीतील स्पेलिंगमध्ये असते. 'फ'साठी पी-एच, 'क'चा उच्चार असूनही सी-एच, आर-एच अशी जोडी, शब्दाच्या मध्ये येणारा वाय, आरंभी मुका राहणारा पी (न्यूमोनिया, टेरिडोफायटा) आणि आरंभी 'झ' होणारा एक्स (झायलेम) यांपैकी काहीही दिसले की शब्द बहुधा ग्रीक असतो. येथे मराठी माणसाला एक सोय आहे. आज पी-एच, टी-एच, सी-एच अशी लिहिली जाणारी ग्रीक अक्षरे प्राचीन ग्रीकमध्ये महाप्राण, म्हणजे आपल्या फ, थ, ख यांसारखी उच्चारली जात. खोंड्रॉस (कूर्चा) हा शब्द इंग्रजीत 'काँड्रो' झाला असला तरी मूळ उच्चार आपल्या तोंडात अधिक सहज बसतो.

खूण म्हणजे पुरावा नव्हे. फुलाच्या कुक्षीखालील दांड्याला 'स्टाइल' म्हणतात आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये वाय आहे, परंतु तो शब्द लॅटिन स्टिलुस, म्हणजे लिहिण्याची टोकदार काडी, यावरून आला. ग्रीक स्टाइलॉस (खांब) याच्याशी गल्लत होऊन वाय मागाहून घुसला.

3. शब्द मागून पुढे वाचावा

लांब शब्दाचा शेवटचा भाग आधी पाहावा, कारण तो कशाविषयी बोलणे चालले आहे हे सांगतो. पेरिकार्डायटिस या शब्दात 'आयटिस' म्हणजे दाह, 'कार्डिया' म्हणजे हृदय, 'पेरि' म्हणजे भोवती. हृदयाभोवतीच्या आवरणाचा दाह. 'आयटिस'चा मूळ अर्थ दाह नव्हता. 'अमुक अवयवाचा' असे सांगणारा तो विशेषणाचा प्रत्यय होता आणि त्यापुढे 'रोग' हा शब्द गृहीत धरलेला असे.

'टॉमी' आणि 'स्टॉमी' यांत नवखे लोक हमखास फसतात. टोमे म्हणजे छेद, स्टोमा म्हणजे तोंड. ट्रॅकिऑटॉमीत श्वासनलिकेला छेद दिला जातो. ट्रॅकिऑस्टॉमीत तेथे बाहेर उघडणारे तोंड तयार केले जाते. 'एक्टॉमी'मध्ये 'एक' म्हणजे बाहेर, म्हणून कापून बाहेर काढणे. ॲनाटॉमी हा शब्दही त्याच टोमेचा.

मूळ शब्द आणि समासात येणारे त्याचे रूप यांत फरक पडतो, तेव्हा बिचकू नये. मराठीत 'पाणी'ला प्रत्यय लागण्याआधी 'पाण्या' असे सामान्यरूप होते. ग्रीकमध्ये तसेच हेपारचे हेपॅट, गॅस्टेरचे गॅस्ट्र, डर्माचे डर्मॅट आणि लॅरिंक्सचे लॅरिंज होते. वहीत दोन्ही रूपे शेजारी लिहावीत. अनेकवचनेही याच नियमाने सुटतात: स्टोमाचे स्टोमॅटा, गँग्लिऑनचे गँग्लिआ, फॅलँक्सचे फॅलँजेस. फॅलँक्स म्हणजे सैनिकांची रांग. बोटांची हाडे तशीच ओळीने उभी आहेत.

4. उपसर्गांसाठी संस्कृतची शिदोरी वापरावी

ग्रीक आणि संस्कृत या एकाच प्राचीन भाषेपासून निघालेल्या बहिणी असल्यामुळे निम्मे उपसर्ग आपल्याला आधीच येत असतात. पेरि म्हणजे परि, हायपर म्हणजे उपरि, हायपो म्हणजे उप, डिस म्हणजे दुस्, अ आणि अन् तर जसेच्या तसे. संख्याही ओळखीच्या आहेत: ट्राय, पेंटा, हेप्टा, ऑक्टो, डेका. अवयवांतही सगोत्र शब्द आहेत. हेपार आणि यकृत्, ऑस्टिऑन आणि अस्थि, ओडाँट आणि दन्त, गोनी आणि जानु, ऑफ्रिस आणि भ्रू, एंटेरॉन आणि अंत्र, ज्याचे मराठीत आतडे झाले. लाल या अर्थाचा एरिथ्रॉस आणि संस्कृत रुधिर एकाच धातूचे आहेत, त्यामुळे एरिथ्रोसाइट, म्हणजे तांबडी रक्तपेशी, पुन्हा विसरण्याचे कारण उरत नाही. झायगॉन म्हणजे जू, संस्कृत युग. म्हणून जोडीदार नसलेली छातीतील शीर 'अझायगॉस', म्हणजे अयुग्म.

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना रचना शारीर आणि आधुनिक शरीररचना ही दोन्ही पाठ करावी लागतात, त्यांना या जोड्यांचा विशेष लाभ होतो. परंतु येथे एक इशारा आवश्यक आहे. हे साम्य पाहून 'ग्रीक शब्द संस्कृतातून चोरले' असे सांगणारे संदेश फिरत असतात, ते बाजूला ठेवावेत. दोघींची आई एक आहे. एक दुसरीची लेक नाही. उलट दिशेची उसनवारी मात्र निश्चित ठाऊक आहे: आपला 'केंद्र' हा शब्द ज्योतिषाच्या ग्रंथांमधून ग्रीक केंट्रॉनवरून आला. नुसता आवाज जुळला म्हणूनही नाते ठरत नाही. कोकोच्या झाडाचे नाव थिओब्रोमा, देवांचे अन्न. त्यातील थिऑस आणि आपला देव यांचा अर्थ एक आहे, पण व्युत्पत्ती वेगळी आहे.

5. शरीररचना: आकार पाहावा आणि नाव ठेवणाऱ्याचे डोळे घ्यावेत

ज्या शब्दाच्या शेवटी 'ऑइड' येते तो आकारावरून पडलेला असतो. आइडॉस म्हणजे रूप. खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू डेल्टा अक्षरासारखा त्रिकोणी, गळ्यातले हायॉइड हाड अप्सिलॉन अक्षरासारखे, झिफॉइड तलवारीसारखे, एथमॉइड चाळणीसारखे, क्रायकॉइड अंगठीसारखे, स्कॅफॉइड होडीसारखे, सेसमॉइड तिळासारखे. गुडघ्याची वाटी हे शरीरातले सर्वांत मोठे सेसमॉइड हाड आहे हे कळल्यावर तिळाची उपमा कोणत्या हाडावरून सुचली असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा. थायरॉइड म्हणजे ढालीसारखे, आणि ती ढाल थायरेऑस या नावाची, दाराएवढी उभट. दाराला ग्रीकमध्ये थायरा म्हणतात, आणि तो शब्द आपल्या द्वार–दार यांचा सगोत्र आहे. ढालीची उपमा आधी स्वरयंत्राच्या कूर्चेला होती. ग्रंथीला ते नाव टॉमस व्हार्टनने 1656 साली दिले. म्हणून ग्रंथीत ढाल शोधू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूस बोटाला लागणाऱ्या कूर्चेच्या दोन पाट्यांत ती दिसते.

पक्ष्यांची एक वेगळीच ओळ आहे. कोरॅकॉइड डोमकावळ्यावरून, कोरोनॉइड कावळ्यावरून आणि माकडहाडाचे कॉक्सिक्स हे नाव कोकिळेच्या जातीतील पक्ष्यावरून, कारण त्याचा आकार ग्रीकांना त्या पक्ष्याच्या चोचीसारखा वाटला. हाडांच्या संचातले माकडहाड बाजूने धरून पाहावे: वरचा भाग रुंद, खाली निमुळता होत पुढे वळलेला. चोच दिसते.

काही नावांत जुना समज गोठून राहिला आहे. मृतदेहातल्या धमन्या बहुधा रिकाम्या आढळतात, त्यामुळे त्यांतून वायू वाहतो असे एरासिस्ट्राटस या प्राचीन ग्रीक वैद्याचे मत होते. त्यांत रक्त असते हे पुढे गॅलेनने प्रयोगाने दाखवले. आर्टेरिया हा शब्द आधी श्वासनलिकेलाही लावत. तिला धमन्यांपासून वेगळे सांगण्यासाठी 'खडबडीत' अशा अर्थाचे ट्रॅकिआ हे विशेषण जोडले, आणि आज नेमके विशेषणच नाव म्हणून उरले आहे. मानेतल्या कॅरोटिड धमन्यांचे नाव कारॉस, म्हणजे गुंगी, यावरून आले, कारण त्या दाबल्या की माणूस गुंगतो असे निरीक्षण होते. (हे स्वतःवर किंवा मित्रावर करून पाहू नये.) पॅनक्रिअस म्हणजे सगळे मांसच. लहान आतड्याच्या पहिल्या भागाला अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसने 'बारा बोटे' म्हटले, लॅटिनमध्ये त्याचे ड्युओडेनम झाले. त्याची लांबी साधारण 25 सेंटीमीटर असते, तेव्हा बारा बोटांची रुंदी हे माप बरेच जवळचे आहे. मायस म्हणजे उंदीर आणि स्नायूही. संस्कृत मूष त्याचाच भाऊ. दंडात जेथे त्यांना उंदीर दिसला तेथे आपल्याला बेटकुळी दिसते.

न्यूरॉन हा शब्द येथे स्वतंत्रपणे लक्षात ठेवावा. त्याचा पहिला अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी असा होता. मज्जातंतू हा अर्थ नंतरचा. ॲपोन्यूरोसिस या शब्दात जुनाच अर्थ शिल्लक आहे: ती पसरट कंडरा आहे, मज्जातंतूंचा तिच्या नावाशी संबंध नाही. तोंडी परीक्षेत यावर हटकून अडकवतात.

6. वनस्पतिशास्त्र: आंब्यापासून सुरुवात करावी

कार्पॉस म्हणजे फळ. आंबा कापून समोर ठेवावा. साल म्हणजे एपिकार्प, वरची. गर म्हणजे मेसोकार्प, मधला. कोयीचे कठीण, केसाळ कवच म्हणजे एंडोकार्प, आतले. आणि तिघांचे मिळून पेरिकार्प, भोवतीचे. कवच फोडल्यावर आत निघते ते बी. आता नारळ घ्यावा. त्यात सोडण हे मेसोकार्प आणि करवंटी हे एंडोकार्प. खोबऱ्याला एंडोकार्प लिहिणारे प्रत्येक वर्गात निघतात. खोबरे हा बियांचा भाग आहे, त्याला एंडोस्पर्म म्हणतात. स्पर्मा म्हणजे बीज.

याच स्पर्मावरून पुढची पायरी. जिम्नॉस म्हणजे नग्न, म्हणून जिम्नोस्पर्म म्हणजे अनावृतबीजी. अँजिऑन म्हणजे भांडे, म्हणून अँजिओस्पर्म म्हणजे आवृतबीजी, ज्यांचे बी अंडाशयाच्या भांड्यात असते. घरातल्या कोणाची अँजिओप्लास्टी झाली असेल तर तो अँजिऑन हाच. रक्तवाहिनीलाही भांडेच म्हटले आहे. असे दोन्ही शास्त्रांत फिरणारे शब्द वहीत वेगळ्या रंगाने लिहावेत. रॅकिस म्हणजे पाठीचा कणा, आणि कडुनिंबाच्या संयुक्त पानाचा मधला दांडाही. ऑर्किस म्हणजे वृषण. वनस्पतींवर ग्रंथ लिहिणाऱ्या प्राचीन ग्रीक थिओफ्रास्टसच्या काळापासून एका आमरीला हे नाव आहे, कारण तिच्या मुळाशी गाठींची जोडी असते, आणि त्यावरूनच आमरीच्या साऱ्या कुळाचे ऑर्किड झाले. पॅरेंकायमा म्हणजे 'शेजारी ओतलेले'. यकृतासारख्या अवयवांचा गाभा रक्त झिरपून गोठल्याने बनतो असे मानून एरासिस्ट्राटसने तो शब्द वापरला, आणि सतराव्या शतकात नेहेमाया ग्रूने तो वनस्पतीच्या मऊ ऊतींना लावला. कोला म्हणजे सरस म्हणून कोलेंकायमा, स्क्लेरॉस म्हणजे कठीण म्हणून स्क्लेरेंकायमा.

कॉटिलेडॉन म्हणजे वाटीसारखा खळगा. बिरड्यासाठी भिजवून मोड आणलेला वाल सोलावा: डाळिंबीची दोन दळे म्हणजे दोन कॉटिलेडॉन, म्हणून वाल द्विदल. तोच वाल मातीत रुजला की दळांच्या खाली जी वाकडी मान वर येते ती हायपोकॉटिल, आणि दळांच्या वर फुटणारा कोंब एपिकॉटिल.

जे शब्द फार प्राचीन वाटतात त्यांतले पुष्कळ अर्वाचीन आहेत. झायलेम आणि फ्लोएम (फ्लोइऑस म्हणजे साल) हे शब्द कार्ल नेगेलीने 1858 साली घडवले. क्लोरोफिल हे नाव पेल्लेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1817–18 च्या सुमारास दिले. थिओफ्रास्टसला यांतले काहीच ओळखू आले नसते. म्हणून 'प्राचीन ग्रीक लोक याला असे म्हणत' हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिण्यापूर्वी कोश उघडावा.

वनस्पतींची शास्त्रीय नावे हा सरावाचा उत्तम प्रांत आहे, आणि त्यासाठी सह्याद्री पुरेसा आहे. सात वर्षांनी फुलणारी कारवी म्हणजे स्ट्रोबिलँथेस, शंकूसारखा फुलोरा असलेली. कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया, मेणाचे कारंजे. रुई म्हणजे कॅलोट्रोपिस, सुंदर नौकातळ. गवती चहा म्हणजे सिंबोपोगॉन, होडी आणि दाढी. पांगारा म्हणजे एरिथ्रिना, तोच लाल एरिथ्रॉस. तुंबा म्हणजे ल्यूकस, पांढरा. आवळ्याचे फिलँथस म्हणजे पान–फूल, कारण या वंशातील काही जातींत फुले पानावरच आल्यासारखी भासतात. कासच्या पठारावरचे गेंद म्हणजे एरिओकॉलॉन, लोकरी दांडा. मात्र वंशाचे नाव त्यातील प्रत्येक जातीला लागू पडतेच असे नाही, तेव्हा प्रत्येक गेंदावर लोकर शोधत बसू नये. सफेद मुसळीच्या क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम या नावातला पहिला शब्द ग्रीक, 'हिरवी वनस्पती', आणि दुसरा थेट मुंबईच्या बोरिवलीचा. आपट्याच्या बाउहिनियात मात्र ग्रीक मूळ शोधू नये. ते बाउहिन आडनावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून आहे, आणि दोन भागांचे पान पाहून लिनिअसला ती जोडी सुचली. कडू कारांद्याचा डायॉस्कोरिया हा वंशही अशाच एका माणसाच्या, डायॉस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या, नावाचा आहे.

7. देवनागरीत लपणारे सापळे

आपण टिपणे देवनागरीत काढतो, हे चांगलेच आहे. परंतु काही वेगळे शब्द देवनागरीत हुबेहूब एकसारखे दिसतात.

– क्लोरोफिलमधले 'फिल' म्हणजे पान, इओसिनोफिलमधले 'फिल' म्हणजे प्रेम करणारे. स्पेलिंग वेगळे, देवनागरी एक.
– इलिअम हा लहान आतड्याचा शेवटचा भाग आहे आणि कमरेचे हाडही. पहिल्याच्या स्पेलिंगमध्ये मधले अक्षर ई, दुसऱ्याच्यात आय.
– मायो म्हणजे स्नायू, मायलो म्हणजे मज्जा, मायको म्हणजे बुरशी. मायलोमध्ये पुन्हा दोन अर्थ आहेत: हाडातील मज्जा आणि पाठीतला मज्जारज्जू.
– कार्पस हा मनगटाचा आणि कार्पॉस हा फळाचा. ग्रीकमध्येच हे एकसारख्या उच्चाराचे दोन निरनिराळे शब्द होते, म्हणून कार्पल हाडांचा फळाशी संबंध जोडू नये.
– पीडिॲट्रिक्समध्ये ग्रीक पाइस (मूल) आहे, पेडिसेलमध्ये लॅटिन पेस (पाऊल) आहे आणि पोडोसाइटमध्ये ग्रीक पूस, म्हणजे पुन्हा पाऊल.

अशा प्रत्येक शब्दापुढे रोमन स्पेलिंग लिहिलेच पाहिजे.

8. वहीतले एक पान कसे भरावे

पानाच्या माथ्यावर मूळ ग्रीक शब्द, त्याचे सामान्यरूप आणि त्या काळचा अर्थ लिहावा. खाली डावीकडे शरीररचनेतील शब्द, उजवीकडे वनस्पतिशास्त्रातील. प्रत्येक शब्दापुढे आजची व्याख्या स्वतंत्रपणे लिहावी, कारण व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे. ती नाव ठेवणाऱ्याला काय दिसले एवढेच सांगते. स्टोमाचे पान भरायला घेतले तर डावीकडे कोलोस्टॉमी आणि स्टोमॅटायटिस येतील. उजवीकडे पर्णरंध्र येईल आणि त्याच्याखाली रोइओ या शोभेच्या रोपाच्या पानाची साल सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काढलेले चित्र: दोन रक्षक पेशी, ओठांसारख्या, आणि मधली फट. चित्राला नावे देताना रक्षक पेशींनाच 'स्टोमा' असा बाण लावला जातो. बाण फटीला लावावा.